समुपदेशकाला विचारा, तुम्ही कुणासमोर बसता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घटस्फोट आणि समुपदेशन यावर लेख आला होता. लेख चांगला होता, पण शेवटी "तज्ज्ञ समुपदेशकाची मदत घ्या" असं एक वाक्य टाकून विषय संपवला आणि माझी तक्रार तिथेच आहे. तज्ज्ञ म्हणजे कोण हो? मी गेली चौदा वर्षं कराडला जोडप्यांचं समुपदेशन करते आणि खरं सांगायचं तर पहिली सहा-सात वर्षं मी तज्ज्ञबिज्ञ काही नव्हते, भिंतीवर एम.ए.ची डिग्री होती, टेबलावर टिश्यूचा डबा होता, बस. डॉक्टर चुकला तर नातेवाईक तरी भांडायला येतात, आमच्या खोलीचं दार लागलं की आत काय झालं ते तिघांशिवाय कुणालाच कळत नाही. जोडपं तीनदा येतं, चौथ्यांदा येत नाही आणि आम्ही म्हणून मोकळे होतो, "त्यांची तयारीच नव्हती." जोडप्यांबरोबर काम करायला आपल्याकडे वेगळं लायसन्स लागत नाही, दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेला माणूसही पाटी लावू शकतो.

मी जी पद्धत वापरते तिचं नाव इमोशनली फोकस्ड थेरपी, आम्ही ईएफटी म्हणतो. (कपाळावर, हनुवटीवर बोटांनी टकटक करायची असते ती ईएफटी वेगळी, नाव सारखं असल्यामुळे लोक फोन करून विचारतात, म्हणून आधीच सांगते.) स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग या दोघांनी कॅनडात ही पद्धत उभी केली, त्यांचा पहिला अभ्यास १९८५ ला आला. जॉन्सनबाई मूळच्या इंग्लंडच्या, आईवडलांच्या पबमध्ये वाढलेल्या, २०२४ च्या एप्रिलमध्ये गेल्या. पाया ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बीच्या विचाराचा, म्हणजे लहान मूल जसं आईचा पदर शोधतं तसं मोठ्या माणसालाही कुणीतरी आपलं हाकेच्या अंतरावर लागतं आणि ते मिळेनासं झालं की माणूस एकतर ओरडतो नाहीतर गप्प होतो. ती बोलत सुटते, तो उठून गच्चीत जातो, तो गेला म्हणून ती अजून बोलते, ती अजून बोलली म्हणून तो जेवायलाच खाली येत नाही. यात वाईट ती नाही आणि तोही नाही, हे जे गरागरा फिरतंय ते दोघांचं मिळून शत्रू आहे, हे दोघांना दिसायला लागलं की पहिला टप्पा झाला. ऐकायला सोपं वाटतं. करायला घेतलं की घाम फुटतो, कारण समोर दोन माणसं भांडत असताना आपण नकळत कुणाच्या तरी पार्टीत जाऊन बसतो.

तर हे शिकायचं कसं? रीतसर मार्ग आहे, आधी चार दिवसांचं एक्स्टर्नशिप म्हणजे सुरुवातीचं प्रशिक्षण, मग कोअर स्किल्स म्हणून दोन-दोन दिवसांची चार शिबिरं, पुढे सुपरव्हिजन म्हणजे अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम आणि स्वतःच्या सेशनची रेकॉर्डिंग तपासायला देणं. मी केलं, फी भरताना हात कापत होता, पण उपयोग झाला. मात्र सगळं इंग्रजीत, मुंबईत नाहीतर झूमवर, आणि ते संपल्यावर सोमवारी परत आपण एकट्या खोलीत, समोर शिरवळच्या कंपनीतला नवरा आणि अंगणवाडीतली बायको.

म्हणून पाच वर्षांपूर्वी आम्ही सात समुपदेशकांनी महिन्यातून एका रविवारी साताऱ्यात भेटायला सुरुवात केली. एका शाळेचा वर्ग मिळतो, बेंच भिंतीला लावायचे, सतरंजी टाकायची, ज्याचा त्याचा डबा. दरवेळी एकाने आपल्या सेशनची दहा-पंधरा मिनिटं ऐकवायची, आणि नियम असा की छान झालेलं सेशन आणायचं नाही, फसलेलं आणायचं. जोडप्याची लेखी परवानगी लागते, नावं म्यूट करतो, ऐकून झालं की फाइल सगळ्यांसमोर डिलीट. आम्ही मुद्दाम वेगवेगळ्या गावचे आहोत, कारण लहान गावात गुपित राखणं हे वेगळंच प्रकरण असतं. तरी एकदा रेकॉर्डिंग सुरू झालं आणि आमच्यातली एक जण चार वाक्यांतच पर्स घेऊन उठली, काही न बोलता बाहेर जाऊन पायरीवर बसली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. कोण ते तिने आजवर सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. रेकॉर्डिंग तिथेच बंद केलं.

सेशन ऐकवायची माझी वेळ आली तेव्हाचं सांगते. टेपमध्ये नवरा म्हणतो, "मग मी गाडी काढतो आणि निघून जातो," आणि मी लगेच विचारते, "कुठे जाता?" तो म्हणतो "कुठे नाही, हायवेला," आणि बायको म्हणते "बघा मॅडम," आणि पुढची दहा मिनिटं पेट्रोलच्या खर्चावर भांडण. मला वाटत होतं नवराच हेकट आहे. ग्रुपमधल्या एका सिनियर सरांनी टेप मागे घेतली, परत लावली, परत मागे घेतली. मग एवढंच म्हणाले, "निघून जातो म्हणताना त्याचा आवाज बसला, ऐकलात का? तिथे तुम्हाला काय होत होतं?" मी म्हटलं, घाई. तिचं ऐकून माझंच डोकं तापलं होतं आणि मला त्याला पकडायचं होतं. हे बोलताना मला रडू आलं, आणि हे कुठल्या शिबिराच्या पीपीटीत मिळालं नसतं. पुढच्या सेशनला मी त्याला तेच वाक्य हळू आवाजात परत म्हणून दाखवलं आणि थांबले, नुसती थांबले, तर बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, "घरात शिरताना पोटात गोळा येतो, आज परत नापास होणार असं वाटतं." बायको त्याच्याकडे बघतच राहिली.

आता भाषेचं. ईएफटीतच शिकवतात की हळू बोला, साधं बोला, चित्र दिसेल असं बोला, तेच तेच परत म्हणा आणि मुख्य म्हणजे क्लायंटचेच शब्द वापरा. आणि आम्ही काय करतो, व्हल्नरेबलला, म्हणजे मन उघडं पडून दुखावलं जाईल अशा अवस्थेला, मराठी शब्द शोधत बसतो. आमच्यातल्या एकाने 'असुरक्षित' वापरून बघितला, तर समोरचा गडी म्हणाला, "मला कशाला असुरक्षित वाटेल, सगळी गल्ली ओळखते मला." त्यानंतर आम्ही ग्रुपमध्ये एक वही केली, क्लायंटच्या तोंडून आलेले शब्दच फक्त त्यात लिहायचे. छातीत धस्स होतं, जीव टांगणीला लागतो, मन उडालं, घशाशी येतं, घर खायला उठतं. वही दोनशे पानी आहे, भरत आली.

दुसरी गंमत म्हणजे 'अहो'. या पद्धतीत मधेच जोडप्याला एकमेकांकडे वळून थेट बोलायला सांगायचं असतं. शिबिरातल्या व्हिडिओत ती माणसं वळतात आणि बोलतात. आमच्याकडे बाई माझ्याकडेच बघून म्हणते, "तुम्हीच सांगा ह्यांना," आणि घरी तर कित्येक वर्षं निरोप पोरांमार्फत जातात, बाबांना विचार जेवणारेत का. तिला एकदम "त्यांच्या डोळ्यात बघून सांगा" म्हटलं की ती हसून पदर सारखा करणार, विषय संपला. यावर आम्ही दोन रविवार रोल-प्ले केले, मी बायको झाले, सिनियर सर नवरा झाले (फारच हुबेहूब झाले), आणि लक्षात आलं की अख्खी भाकरी द्यायची नाही, तुकडा मोडून द्यायचा. आधी माझ्याकडे बघून बोलू दे, त्याला ऐकू येतंय तेवढं पुरे. मग "आत्ता मला म्हणालात त्यातलं अर्धं वाक्य त्यांना." तेवढं जमतं. आणि सासूबाई शेजारच्या खोलीत आहेत हे धरून चालायचं, ते कुठल्याच व्हिडिओत नसतं.

या पद्धतीबद्दल माझी अंधश्रद्धा नाही. १९९९ च्या एका आढाव्यात ७० ते ७३ टक्के जोडपी बरी झाल्याचं आहे, पण ते मोजक्याच अभ्यासांवर आणि परदेशातल्या जोडप्यांवर. आणि घरात मारहाण चालू असेल, बाई घाबरलेली असेल, तर ही थेरपी करायचीच नाही, मन मोकळं करायला लावून तिला घरी पाठवणं म्हणजे तिला अडचणीत टाकणं आहे. हे सुद्धा आम्ही एकमेकांना दर दोन महिन्यांनी आठवण करून देतो, कारण समोर बसलेलं जोडपं गोड बोलत असलं की विसरायला होतं.

आता मागणं. १९८४ च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशकांची सोय झाली, त्यांच्याकडे रोज केसेसचा ढीग असतो, त्यांना अशा बैठकांसाठी महिन्यातला एक दिवस कामाचा दिवस म्हणून द्या, रजा म्हणून नाही. कॉलेजांचे मानसशास्त्र विभाग रविवारी कुलूपबंद असतात, एक वर्ग उघडून द्या, चहा आम्ही आमचा आणू. आणि तुमच्या वाचकांना विनंती, समुपदेशकाकडे गेलात की फी विचारता तसं हेही विचारा, की तुम्ही तुमचं काम कुणाला दाखवता? राग आला त्यांना तर येऊ दे.

सोलापूर, लातूर, चंद्रपूरकडे कुणी असं भेटत असेल तर कृपया तुमच्याच पत्रव्यवहारात लिहावं, आम्हाला त्यांची वही बघायचीय.

आपली,
एक समुपदेशक, कराड