टॉवर खुशाल बसवा, आधी स्लॅब तपासा

महोदय,

आमच्या गच्चीवर मोबाइल टॉवर येणार म्हटल्यावर सभेत सगळे रेडिएशनवरूनच भांडले. टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा सरकारने 2012 मध्येच आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली. 'तरंग संचार' पोर्टलवर टॉवरची माहितीही मिळते. माझी धास्ती वेगळी. मी वरच्या मजल्यावर राहते. बेडरूमच्या छताचा गिलावा पडून सळया दिसतायत, आणि त्यावर खांब, बॅटऱ्या, कॅबिनेटं! 'स्ट्रक्चरल सर्टिफिकेट (इमारत भार पेलेल असा इंजिनीअरचा दाखला) आहे' म्हणतात, दाखवत कोणी नाही. (भाड्याचा आकडा मात्र सगळ्यांना तोंडपाठ.) 1 जानेवारी 2025 पासूनच्या राइट ऑफ वे (टॉवर, केबल उभारण्याच्या परवानगीच्या) नियमांनी परवानगी देण्याला मुदत घातली, ठीक. पण ते सर्टिफिकेट सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावणं पालिकेने सक्तीचं करावं.

– एक रहिवासी, डोंबिवली (पूर्व)