ती दुधाची दाढ नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा नातू तिसरीत आहे. गेल्या वर्षी शाळेतल्या आरोग्य तपासणीत त्याच्या कार्डावर ‘दाढ किडली आहे, दाखवून घ्या’ असा शेरा आला. सून दवाखान्यात न्यायला निघाली होती. मीच आडवा आलो. म्हटलं, दुधाची आहे, पडेल आपोआप. गेल्या महिन्यात गाल टम्म सुजला, पोर रात्रभर तळमळलं, सकाळी रिक्षा करून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला आणि म्हणाले, “आजोबा, ही पक्की दाढ आहे. गेली तर दुसरी येणार नाही.” दाढ वाचली, पण तीन फेऱ्या झाल्या. सून काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

दुधाचे दात २०. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्याही मागे, वर दोन आणि खाली दोन, अशा चार पक्क्या दाढा येतात. त्यांच्यासाठी आधीचा एकही दात पडत नाही, म्हणून घरात पत्ताच लागत नाही. समोरच्या दोन दातांच्या मधून एका बाजूला मोजत जावं, पडलेल्या दाताची जागाही धरून. सहावी ती पक्की. आणि दुधाच्या दाढाही दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, तोवर पोरानं चावायचं कशानं?

गोदाघाटावर सकाळी फिरायला येणारी आमची मंडळी अजून सांगतात, वरची दाढ काढली की नजर जाते. काहीच्या काही! दात साफ करून घेतले की हलायला लागतात म्हणे. अहो, हिरड्या सुटतात त्या कीटणामुळे, ते निघालं की आधीचंच नुकसान दिसतं. मिश्रीचं तर विचारू नका. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ मध्येच बंदी झाली, पण आमच्या गल्लीत दुपारी तव्यावर तंबाखू भाजल्याचा खाट येतोच. दात घट्ट राहतात म्हणून बायका लावतात आणि तोंडाचा कर्करोग ओढवून घेतात.

शाळांना एकच विनंती. नुसता कार्डावर शेरा नको. पहिलीच्या पालकसभेत ही सहावी दाढ मोजून दाखवा, आणि त्या सभेला आजी-आजोबांनाही बोलवा.

– एक आजोबा, पंचवटी, नाशिक