मंगळवार पेठेतल्या काष्ठौषधीवाल्या काकांना मनापासून थँक्यू

काका नमस्कार, हे तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवेल तुम्हाला. एमएस्सी मायक्रोबायोलॉजीचा माझा प्रोजेक्ट झाला एकदाचा सबमिट. आभाराच्या पानावर गाईड, एचओडी, घरचे असे सगळे आले आणि तुमच्या वाट्याला एकच ओळ आली, ते काही मला पटेना, म्हणून हे पत्र.

तुम्ही दरवेळी विचारायचा "नेमकं करतेस काय ग" आणि मी घाईत "तोंडातल्या जंतूंवर औषध" एवढंच सांगून बस पकडायला पळायचे. तर आता नीट सांगते. कवळी वापरणाऱ्यांची टाळू लाल होते ना, त्यात बऱ्याचदा कॅन्डिडा नावाची बुरशी असते. ती कवळीला चिकटते, स्वतःभोवती चिकट थर करते, मग बॅक्टेरियापण त्यातच मुक्कामाला येतात, चिक्कीत शेंगदाणे बसल्यासारखे. ह्या थराला बायोफिल्म म्हणतात. सुट्या जंतूंना जेवढं औषध पुरतं त्याच्या कधीकधी १००० पट थरातल्यांना लागतं, कारण औषध आतपर्यंत नीट पोचत नाही, आतले काही जंतू जवळपास झोपलेलेच असतात आणि काहीजण तर आत आलेलं औषध पंपानं बाहेर फेकून देतात. त्यातून ती बुरशी फ्लुकोनाझोलला, म्हणजे बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला, दाद न देणारी निघाली तर डॉक्टरांची पण पंचाईत. म्हणून ह्या थरावर लवंगेसारखी तेलं चालतात का, तेच मी बघत होते. बाय द वे, दातावरच्या थरातले जंतू पहिल्यांदा बघून १६८३ साली ज्यानं लिहून ठेवलं तो लेव्हेनहूक हॉलंडचा कापडवाला होता, म्हणजे आपल्या सोलापूरच्याच लाईनमधला की!

आता तुमचं काम. मी आले आणि लवंग द्या म्हणलं, दुसरा कुणी असता तर पुडी बांधून मोकळा झाला असता. तुम्ही विचारलं, मसाल्याला का तेल काढायला? मग ग्लासात पाणी घेऊन तुमच्या डब्यातल्या चार लवंगा टाकल्या आणि कुठल्यातरी व्यापाऱ्यानं पाठवलेल्या सॅम्पलमधल्या चार. तुमच्या काही तळाला गेल्या, काही डोकं वर करून उभ्या राहिल्या, आणि सॅम्पलवाल्या सगळ्या आडव्या तरंगत बसल्या. "ह्यातलं तेल आधीच काढून घेतलंय बाळा, हे नुसतं लाकूड." मग नखानं एक दाबून पण दाखवलीत, तेल वर आलं. दालचिनीला पण तसंच, पातळ पदरापदराची सिलोनची वेगळी आणि जाड सालीची कॅसिया वेगळी, दोन्ही समोर ठेवून कुठली पाहिजे ते विचारलंत.

ही लवंगच आहे असं बॉटनीवाल्यांकडून सर्टिफिकेट मी घेतलंच, ते लागतंच. पण खरं सांगू का, ती तेल काढलेली लवंग नेली असती तरी सर्टिफिकेट लवंगेचंच मिळालं असतं, आणि क्लेव्हेंजरमध्ये, म्हणजे तेल काढायच्या काचेच्या उपकरणात, तासन्तास उकळून हातात काहीच आलं नसतं. वनस्पतींवर काम करणाऱ्या कितीतरी पोरांचे रिझल्ट जुळत नाहीत त्यामागं असला माल पण असणार असं मला आता वाटतं. मशीन कितीही भारी असू दे ओ, बाजारातनं काय उचललं तिथंच अर्धं ठरतं.

रिझल्ट म्हणाल तर लवंगतेलात मुख्य युजेनॉल, ते बुरशीच्या पेशीचं आवरणच बिघडवतं. ९६ खळग्यांची प्लेट असते, शेवटी जांभळा रंग घालून धुवायची, थर जेवढा जाड तेवढा रंग गडद. बुरशी बसायच्या आधीच तेल घातलं होतं ते खळगे एकदम फिकट निघाले. थर आधीच जमलेला होता तिथं मात्र डोस बराच वाढवावा लागला आणि तरी काही खळगे जांभळेच राहिले. तेल पाण्यात मिसळत नाही म्हणून जे डीएमएसओ नावाचं द्रावक वापरलं, नुसतं तेच घातलेले खळगे वेगळे ठेवले होते, ते गडदच राहिले, म्हणजे काम तेलाचंच.

पण काका, हे सगळं प्लेटमधलं हां. तोंडात लाळ असते, तेल टिकत नाही, आणि नुसतं लवंगतेल हिरडीला लावलं तर भाजतं. तेव्हा गिऱ्हाईक म्हणालं की गोळ्या बंद करून लवंगतेल लावू का, तर सरळ नाही म्हणा आणि डॉक्टरकडे पाठवा. दातवाले स्वतःच झिंक ऑक्साईडमध्ये युजेनॉल कालवून तात्पुरतं फिलिंग करतात, त्यांना कळतं किती घ्यायचं ते. ओव्यातलं थायमॉल पण माऊथवॉशमध्ये असतं, ते मोजून मापून घातलेलं असतं. आणि कुणी मिश्रीनं दात घासत असेल तर तिला तुमच्या भाषेत दोन शब्द सुनवा, माझं कोण ऐकतंय.

तुमची कवळी पण रात्री काढायची, घासायची आणि पाण्यात ठेवायची, घालून झोपायचं नाही. काकूंना सांगून ठेवलंय मी. बाइंडिंग झालं की एक कॉपी दुकानात आणून देते, आणि त्या शेवटच्या पाव किलो लवंगेचे पैसे तुम्ही घेतले नव्हते, ते तेव्हा गपचूप घ्यायचे.