पुंछच्या मदतीसाठी सामान: रविवारपर्यंत

सर्व सभासदांना नमस्कार,

7 मे 2025 रोजी जम्मू-काश्मीरमधल्या पुंछ शहरावर पाकिस्तानचे तोफगोळे पडले. 10 मेच्या संध्याकाळी शस्त्रसंधी झाली, बातम्याही थांबल्या; फुटलेली घरं मात्र तशीच राहिली. म्हणून थंडीआधी सामान पाठवायचं ठरलं आहे. रविवारी सकाळी १० ते १ नौपाड्यातल्या आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये पॅकिंग. कात्री, चिकटपट्टी आणि मार्कर सोबत आणा.

हवं आहे ते एवढंच: नवे ब्लँकेट, लोकरी मोजे, सोलर कंदील, ताडपत्री, प्रथमोपचाराचं साहित्य. औषधांची मुदत किमान वर्षभराची असावी. जुने कपडे नकोत, कृपया! साड्यांचे ढीग तिथे कुणाच्या उपयोगाचे नाहीत आणि जम्मूपासून पुढे दोनशेहून जास्त किलोमीटरच्या घाटरस्त्याने ते वाहून नेणं म्हणजे निव्वळ डिझेल जाळणं. खोक्यावर आत काय आहे ते हिंदीत ठळक लिहा, म्हणजे उतरवणाऱ्यांना उघडून बघावं लागणार नाही.

जवानांसाठी लाडू-चिवडा पाठवू का, असं बरेच जण विचारतात. भावना कळते, पण लष्कर परवानगीशिवाय बाहेरचं खाणं घेत नाही. पैसे द्यायचे असतील तर सैनिकांच्या कल्याणासाठी असलेल्या ध्वजदिन निधीला द्या. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पावती मिळते. आपल्या ग्रुपवर कुणीही क्यूआर कोड टाकू नये, अगदी ओळखीतला असला तरी.

मुलांची पत्रं जरूर द्या. पत्रात तुकडीचं नाव किंवा ठिकाण विचारू नये. भाच्या-पुतण्याच्या पोस्टिंगचे फोटोही इथे नकोत.

गाडीतून खोकी पोचवणाऱ्या दोघांची अजून गरज आहे.

– कार्यवाह