इस्मिनीच्या वतीने

प्रिय मुग्धे,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’ या ग्रीक नाटकातली अँटिगनीची बहीण इस्मिनी म्हणे भित्री! अगं, लगेच निकाल लावून मोकळी? फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहितेय.

आधी दोघींवर काय गुदरलंय ते बघ. बाप इडिपस स्वतःचे डोळे फोडून घेऊन गेला, आईने गळफास लावला, दोन्ही भाऊ एकमेकांच्या हातून नुकतेच मेलेत आणि गादीवर बसलेला मामा क्रेऑन म्हणतो, त्यातल्या इटिओक्लिसला मानाने पुरा, दुसऱ्याला, पॉलिनायसीसला कुत्र्या-गिधाडांपुढे टाका, हात लावणाऱ्याला दगडांनी ठेचून मारू. अँटिगनी बहिणीला राजवाड्याबाहेर आणून विचारते, येतेस का पुरायला? इस्मिनी म्हणते, आपण बायका, पुरुषांपुढे काय चालणार आपलं. तू इथेच तिला निकालात काढलंस ना? पण पुढे वाच की. निदान कुणाला सांगू नकोस, मी पण गप्प बसते, असं म्हणते ती, आणि आपली बाईसाहेब काय म्हणते, सांग, गावभर सांग! मला तर तिथे अँटिगनीचाच राग आला.

नंतर अँटिगनी भावाला पुरल्याबद्दल पकडली जाते तेव्हा इस्मिनी रडत येऊन क्रेऑनसमोर सरळ म्हणते की मी पण केलं, ही हो म्हणत असेल तर. शिक्षा मरणाची आहे हे माहीत असून! आणि अँटिगनी हो म्हणत नाही. म्हणते, तू जगणं निवडलंस, मी मरण. इस्मिनी म्हणते, तुझ्याशिवाय जगून काय करू? तर ही म्हणते, क्रेऑनला विचार, त्याचीच काळजी तुला. इस्मिनी कळवळून विचारते की मला असं टोचून तुला काय मिळतं, तेव्हा ही म्हणते, तुला हसतेय खरी, पण मलाही दुखतंय. मग लगेच, तू स्वतःला वाचव, माझं मरण पुरे आहे. आता हा अहंकार की माया? मला विचारशील तर दोन्ही, आणि मोठ्या बहिणींना ते एकत्र जमतं, माझ्या ताईला बघतेसच तू.

खरी गंमत पुढेच आहे. मरायला निघताना अँटिगनी म्हणते, नवरा दुसरा मिळेल, मूलही होईल, पण आईबाप गेल्यावर भाऊ कुठून आणू? अगं पण मग बहीण तरी कुठून मिळणार होती? जिवंत आहे ती अजून! तरी ही म्हणते राजघराण्यातली मीच शेवटची उरलेय. इस्मिनीचं त्यानंतर नावच नाही नाटकात. अँटिगनीचा होणारा नवरा, क्रेऑनचा मुलगा हेमॉन मरतो, त्याची आई मरते, सगळ्यांचा हिशोब लागतो, हिचं पुढे काय झालं कुणी विचारत नाही.

सोफोक्लीसने इलेक्ट्रा आणि क्रायसोथेमिस अशीच बहिणींची जोडी लिहिलीय, एक पेटलेली, एक सांभाळून घेणारी. पण तू आधी त्याचं ‘कोलोनसमधला इडिपस’ हे नाटक वाच, सोफोक्लीसच्या मृत्यूनंतर इ.स.पू. 401 मध्ये रंगमंचावर आलेलं. तिथे आंधळ्या बापाला घेऊन अँटिगनी वणवण फिरतेय आणि लांबून घोड्यावर कोणीतरी येताना दिसतं, डोक्यावर उन्हाची मोठी टोपी, चेहरा सावलीत. तीच का? नाही? हो गं, तीच! इस्मिनी. बरोबर एकच नोकर, घरची खबर द्यायला इतक्या लांब आलीय, आणि याआधीही ती त्यांच्या शहरातल्या, थीब्जमधल्या लोकांना पत्ता लागू न देता बापाकडे निरोप पोचवून गेलेली असते.

तेवढा सीन वाचून झाला की फोन कर. रविवारी नको, आमच्याकडे पाहुणे आहेत.

तुझीच,
सई