वीरगळ हलवण्याआधी त्याची जागा नोंदवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बेळगाव-खानापूर पट्ट्यात रस्ता रुंद करायचा ठरला की कडेचा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा कोरीव स्मारकदगड, जेसीबीच्या तोंडी जातो. मग तो गटाराशेजारी आडवा पडून राहतो, नाहीतर कोणी श्रद्धेने जवळच्या देवळात नेऊन सिमेंटात पक्का करतो. हेतू चांगला असला तरी दगड मुका होतो. तो वेशीवर होता, जुन्या वाटेवर होता की देवळासमोर, तोंड कुठल्या दिशेला होते, शेजारी आणखी दगड होते का, हे कोणी लिहून ठेवलेले नसते, आणि नंतर ते कळायला मार्ग उरत नाही.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर. तिथे गाई कोरलेल्या असतील तर तो गुरे पळवणाऱ्यांशी लढताना गेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, वर तो शिवलिंगापुढे बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहो. कोपरात वळलेला, बांगड्या ल्यालेला हात दिसला तर ती सतीशिळा. वीर कसा मेला हे तळची चौकट सांगते आणि नेमकी तीच आधी दिसेनाशी होते. डांबराचा थर, त्यावर मुरूम, पुन्हा डांबर असे करत रस्ता फूट-दीड फूट चढतो आणि गाई, घोडे, भाले सगळे मातीखाली जाते. वर दिसतो तो फक्त पूजा करणारा माणूस, आणि लोक त्याला देव समजतात.

त्यात रंगाची भर पडते. ऑइलपेंटने दगडाची छिद्रे बुजतात, जमिनीतून चढलेली ओल आत अडकते, तिच्यातले क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक धरतात आणि रंगाबरोबर दगडाचा पापुद्रा सुटून येतो. चेहरे, बोटे, अक्षरे त्या पापुद्र्यातच असतात. सिमेंटचेही तेच: ते दगडाहून घट्ट आणि क्षारयुक्त, त्यामुळे ओल त्यातून न जाता दगडातून बाहेर पडते. स्वच्छ करायचे तर साधे पाणी आणि मऊ केसांचा ब्रश, एवढेच. तारेचा ब्रश, ॲसिड, साबण, तेल काही नको. शेंदराचे जुने कवच घरगुती उपायांनी खरवडू नये. ते काम पुरातत्त्व खात्याच्या रसायन शाखेचे.

दगड हलवणे टळतच नसेल तर आधी फोटो घ्यावेत: चारही बाजूंनी, जवळ मोजपट्टी ठेवून. अक्षरे पुसट असतील तर भर दुपारचा फोटो कामाचा नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात किंवा रात्री बाजूने बॅटरी धरून घेतला की सावलीत अक्षर उठते. अक्षरांत खडू किंवा कोळसा भरू नये, एकदा चुकीची रेघ ओढली की पुढचा वाचणाराही चुकतो. मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश, उंची-रुंदी आणि तोंडाची दिशा लिहावी. उचलताना साखळी किंवा जेसीबीचे बकेट नको, रुंद कापडी पट्टा आणि खाली वाळूची पोती हवीत. पुन्हा रोवताना दगडाचा मुळात कोरा ठेवलेला तळच फक्त खड्ड्यात जावा. भोवती दगडगोटे, मुरूम आणि चुना ठोकून भरावा, आणि पाणी दगडापासून दूर वाहील असा उतार द्यावा.

दगडाजवळ माहितीचा फलक लावावा, पण त्यावर खात्री नसलेला काळ लिहू नये, असा आमचा आग्रह आहे. नंदगडला ब्रिटिशांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना २६ जानेवारी १८३१ रोजी फाशी झाली, बेळगावची काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदली. हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याआधीचे काहीही मात्र आपल्याकडे सरसकट ‘पांडवकालीन’ ठरते. शक वर्ष वाचता आले तरी इसवी सन काढण्यासाठी त्यात डोळे मिटून ७८ मिळवू नयेत. रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातले बेळगावचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांतला काळ शके ११२७, रक्ताक्षी संवत्सर, पौष शुद्ध द्वितीया, शनिवार. बेरीज १२०५ येते, पण खरी तारीख २५ डिसेंबर १२०४, कारण लेखातले वर्ष गत (पूर्ण झालेले) नसून चालू (अजून सुरू असलेले) आहे, आणि ७८ ची बेरीज गत वर्षाला लागते. संवत्सर आणि वार जुळवल्याशिवाय ही चूक पकडता येत नाही. वाचता येत नसेल तर फलकावर सन घालूच नये. वीरगळ, चौकटींचा अर्थ, मूळ जागा एवढे लिहिले तरी पुष्कळ.

फलक कन्नड आणि मराठी दोन्हींत हवा. पुष्कळ लेख हळेकन्नडात, म्हणजे जुन्या कन्नडात आहेत, ‘वीरगळ’ हा शब्दच कन्नड ‘वीरगल्लु’वरून आला, आणि ज्या गावाने दगड सांभाळायचा तिथल्या घरांत मराठी बोलतात. फ्लेक्स खानापूरच्या एका पावसाळ्यातच फिका पडतो, त्यापेक्षा कोरलेली अक्षरे बरी. खिळा मात्र दगडात ठोकू नये. फलक चार-पाच फूट बाजूला, वेगळ्या खांबावर असावा.

रुंदीकरणाची आखणी झाली की कडेला चुन्याच्या खुणा पडतात. त्या दिसताच गावातल्या तरुणांनी फोटो आणि मापे घेऊन एक प्रत पंचायतीच्या पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) द्यावी, पोच घ्यावी, दुसरी पुरातत्त्व खात्याला पाठवावी. ठेकेदाराच्या मुकादमालाही दगड दाखवून ठेवावा, यंत्र चालवणाऱ्याला तोच सांगतो.

आपले,
सीमाभागातील शिलालेख व वीरगळांचे काही अभ्यासक