वीज मोजायचे मीटर आले, रविवारी कार्यालयात या

सर्व सभासदांना नमस्कार,

प्लगमध्ये लावून एकेका उपकरणाची वीज मोजणारे दोन मीटर सोसायटीने घेतले आहेत. येत्या रविवारी सकाळी १० वाजता कार्यालयात ते वापरून दाखवू. प्रत्येक घरातून एकाने तरी यावे, मागचे बिल सोबत आणावे. ज्यांचा वापर १०० युनिटच्या जरा वर जातो त्यांनी तर नक्की या, कारण त्यापुढच्या युनिटचा दर बराच जास्त असतो.

सुरुवात सेट-टॉप बॉक्सपासून करा. रिमोटने टीव्ही बंद केला तरी हा बॉक्स चालूच राहतो. आमच्याकडे मीटरवर १० वॅट दिसले, म्हणजे महिन्याला सात युनिट, कोणी काही पाहत नसताना! आता आम्ही झोपताना भिंतीवरचे बटणच बंद करतो.

- मीटर एका घराला तीन दिवस मिळेल. वहीत सही करून न्या.
- फ्रिज पूर्ण २४ तास मोजा. कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो, तासाभराचा आकडा फसवा असतो.
- गिझर आणि एसी याला अजिबात लावू नका. मीटर ६ अँपिअरचे आहेत, जळतील.
- छताच्या पंख्यासाठी घरातले बाकी सगळे बंद करून वीजमीटरचा लाल दिवा पाहा. मीटरवर ३२०० इम्पल्स (म्हणजे एका युनिटला दिवा ३२०० वेळा लुकलुकतो) लिहिले असेल आणि दिवा दर १५ सेकंदांनी लुकलुकत असेल, तर पंखा ७५ वॅट खातो. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या) पंख्याला साधारण ३० लागतात.

– सचिव